मानसशास्त्रज्ञांची एकच खुली नोंदवही करा: आयोगाला, परिषदेला आणि राज्य शासनाला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग, नवी दिल्ली
अध्यक्ष, भारतीय पुनर्वास परिषद, नवी दिल्ली
सचिव, वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई

महोदय,

ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्र शिकवणे बंद केले. त्यासाठी आधार घेतला तो सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांच्या २०२१ च्या कायद्याचा. मानसशास्त्र हा आरोग्यसेवेतला व्यवसाय आहे आणि तो माणसांसमोर बसूनच शिकावा लागतो, हे आम्हाला मान्य आहे. पण त्याच कायद्याने आणखीही काही द्यायचे होते: नोंदणी, शिक्षणाचा किमान दर्जा, आचारसंहिता आणि तक्रारीची जागा. प्रवेशाचे दार ताबडतोब बंद झाले. बाकीचे कधी होणार, हे विचारण्यासाठी हे पत्र आहे. प्रश्न जेवढा आमचा आहे तेवढाच आमच्याकडे येणाऱ्या लोकांचाही आहे, म्हणून ते उघडपणे लिहीत आहोत.

आम्ही महाराष्ट्रातील रुग्णालयांत, शाळा-महाविद्यालयांत आणि खासगी व्यवसायात काम करणारे मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक आणि हा विषय शिकवणारे प्राध्यापक आहोत. नोंदणी कडक झाली तर आमच्यापैकी काहींना पुन्हा परीक्षा द्यावी लागेल, काहींना दोन वर्षे कुणाच्या तरी देखरेखीखाली काम करावे लागेल. हे समजून-उमजूनच आम्ही कडक नोंदणी मागत आहोत.

मुळात गुंता कुठे आहे, ते आधी मांडतो. आज मानसशास्त्रज्ञाला तीन कायदे लागू होतात आणि तिन्ही मिळूनही चित्र पूर्ण होत नाही. पहिला भारतीय पुनर्वास परिषदेचा १९९२ चा कायदा. तो अपंगत्व क्षेत्रातील व्यावसायिकांसाठी आहे, सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो आणि त्याच्या केंद्रीय नोंदवहीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (मानसिक त्रासाची तपासणी आणि थेरपी करणारे मानसशास्त्रज्ञ) व पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ यांची नावे लागतात. नोंदणी नसताना व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. समुपदेशनाच्या एखाद-दुसऱ्या बैठकीची फी आज मोठ्या शहरात तेवढी असते. दुसरा २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा. त्यात 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' म्हणून मानसोपचारतज्ज्ञ येतात, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसोपचार परिचारिका आणि मानसोपचार सामाजिक कार्यकर्ते येतात, आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी व सिद्ध शाखांतील ठरावीक पदव्युत्तर पदवीधरही येतात. समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. आणि पीएच.डी. केलेली व्यक्ती मात्र केवळ त्या पदव्यांच्या बळावर त्यात बसत नाही. तिसरा २०२१ चा कायदा, आरोग्य मंत्रालयाचा; राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग (यापुढे 'आयोग') याच कायद्याखालचा. त्याच्या अनुसूचीत वर्तनविषयक आरोग्यशास्त्र हा गट आहे आणि त्यात मानसशास्त्रज्ञ आहेत, पण कंसात एक अपवाद आहे: अपंग व्यक्तींसाठी पुनर्वास परिषदेच्या कक्षेत येणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वगळून.

या अपवादाचा अर्थ काय लावायचा? एखादा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट सकाळी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाची तपासणी करतो आणि दुपारी पॅनिक अटॅक येणाऱ्या बँक कर्मचाऱ्याला थेरपी देतो. सकाळी तो पुनर्वास परिषदेच्या कक्षेत आहे. दुपारी कुणाच्या? तो बँक कर्मचारी अपंग नाही, म्हणून हे काम आयोगाकडे गेले म्हणावे, तर अनुसूचीने या माणसाला आधीच वगळले आहे. उलट बाजूने पाहिले, तर शाळेतली समुपदेशक आयोगाच्या कक्षेत आहे. पण त्याच शाळेतल्या दिव्यांग मुलाशी तिने बोलायचे की नाही? दोन मंत्रालये, दोन नोंदवह्या आणि मध्ये एक कंस. त्या कंसाचा अर्थ आजवर कुणी लेखी स्पष्ट केलेला आमच्या पाहण्यात नाही.

नोंदणीचे काम करणाऱ्या राज्य परिषदा स्थापन करायला २०२१ च्या कायद्याने सहा महिन्यांची मुदत दिली होती. १२ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला या दिरंगाईत लक्ष घालावे लागले. तोवर फक्त १४ राज्यांनी परिषदा नेमल्या होत्या आणि त्याही प्रत्यक्षात चालू नव्हत्या. न्यायालयाने १२ ऑक्टोबर २०२४ ही तारीख ठरवून दिली. परिषद कागदावर नेमणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे. आचार आणि नोंदणी मंडळ बसणे, त्यात मानसशास्त्रातला माणूस असणे, अर्ज तपासण्याचे निकष ठरणे आणि जिल्ह्याच्या गावातल्या पालकाला मोबाइलवर उघडून पाहता येईल अशी यादी तयार होणे, हे खरे काम. पुनर्वास परिषदेची यादी ऑनलाइन पाहता येते, पण ती तिच्या कक्षेपुरतीच. बाकी सर्व मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकांसाठी सामान्य माणसाला वापरता येईल अशी यादी अजून हाती आलेली नाही.

दरम्यान मागणी वाढते आहे, तीही न्यायालयाच्या आदेशाने. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा आणि त्याला बालक व किशोरांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण असावे, असे त्यात आहे. खासगी शिकवण्याही यात आल्या. म्हणजे लातूर, नांदेडचे नीट आणि जेईईचे क्लासही. आदेश योग्यच आहे. पण 'पात्र' कोण, हे मुख्याध्यापकाने कुठे तपासायचे? त्याच्या टेबलावर चार अर्ज येतात. एकीकडे मानसशास्त्रात एम.ए. आहे, पण प्रत्यक्ष कामाचा अनुभव नाही. दुसरीकडे एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) आणि रुग्णालयातला अनुभव आहे. तिसऱ्याने सहा महिन्यांची ऑनलाइन पदविका केली आहे. चौथ्याकडे दोन दिवसांच्या कार्यशाळेचे 'प्रमाणित माइंड कोच' असे प्रमाणपत्र आहे, आणि बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता सांगणारे यंत्रही. त्या ठशांच्या चाचणीला कोणताही शास्त्रीय आधार नाही, तरी ती शाळांमधून फी घेऊन केली जाते. मुख्याध्यापक बहुधा सर्वांत कमी पगार मागणाऱ्याला घेतो आणि आदेशाची पूर्तता झाल्याचे कळवतो. त्याला दोष देता येणार नाही. तपासायचे साधनच त्याच्या हाती नाही.

नियमन नसल्याने नेमके काय बिघडते, हे बुद्ध्यांक चाचणीच्या खोलीत सर्वांत स्पष्ट दिसते, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

महाराष्ट्रात बिने-कामत चाचणी आणि मॅलिनची भारतीय मुलांसाठीची बुद्धिमत्ता चाचणी या दोन्ही आजही भरपूर वापरल्या जातात. मॅलिनची चाचणी नागपुरात तयार झाली, तिचे मॅन्युअल १९६९ चे आहे. इतक्या जुन्या प्रमाणकांवर, म्हणजे तुलनेसाठीच्या सरासरींवर, आजच्या मुलांचे गुण सहसा फुगून येतात. हे ठाऊक असलेला परीक्षक सीमारेषेवरच्या, म्हणजे बुद्ध्यांक ७० च्या आसपासच्या, मुलाचा केवळ आकडा देऊन थांबत नाही. तो दैनंदिन कौशल्यांची वेगळी मोजणी करतो, शाळेच्या वह्या पाहतो, ऐकू येणे आणि दिसणे तपासून घेतो. ज्याला हे माहीत नाही, तो ७३ आकडा पाहून 'मंद शिकणारा' असे लिहितो आणि मदतीचा हक्क असलेले मूल यादीबाहेर राहते.

उलट दिशेनेही चूक होते. बिने-कामतमध्ये मूल ज्या वयोपातळीचे सर्व प्रश्न सोडवते तिथपासून, ज्या पातळीचा एकही सोडवू शकत नाही तिथपर्यंत जायचे असते. लहान वयाच्या पातळ्यांवर प्रत्येकी सहा प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाला दोन महिन्यांचे मानसिक वय मिळते; मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागून १०० ने गुणले की बुद्ध्यांक. दहा वर्षांचे, म्हणजे १२० महिन्यांचे मूल घ्या. परीक्षक कंटाळून किंवा वेळ नाही म्हणून एक पातळी आधीच थांबला आणि मूल पुढच्या पातळीवर चार प्रश्न सोडवू शकले असते, तर आठ महिने हातचे गेले. मानसिक वय ९२ ऐवजी ८४ महिने धरले गेले, आणि बुद्ध्यांक ७७ च्या जागी ७० आला. एवढ्या फरकाने मुलाला लागणारा शिक्का बदलतो.

विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी तर पहिली अटच बुद्ध्यांक ८५ च्या वर असण्याची. डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) असलेल्या मुलाचे अंकस्मरण, अंकगणित, सामान्य माहिती हे उपघटक अनेकदा त्याच्या त्रासामुळेच घसरलेले असतात. समजा, शाब्दिक बुद्ध्यांक ७८ आणि कृतीचा १०२. दोन्हींची सरासरी ९०, मूल पात्र. पण 'वेळ वाचवण्यासाठी' फक्त शाब्दिक भाग घेतला तर ७८ वर फाइल बंद. पुढे दहावीला जादा वेळ नाही, लेखनिक नाही, कॅल्क्युलेटर नाही. शिवाय चाचणी मुलाच्या घरच्या भाषेत न घेणे, प्रश्न तिथल्या तिथे आपल्या मनाने भाषांतरित करणे, तीन महिन्यांत तीच चाचणी पुन्हा घेऊन सरावाने वाढलेले गुण खरे मानणे, झेरॉक्स केलेल्या धूसर चित्रांवरून चित्रपूर्ती (चित्रातला राहिलेला भाग ओळखण्याची चाचणी) घेणे: हे प्रकार सर्रास चालतात. अहवालाखाली सही असते, पण सही करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे, अशी सर्वत्र सक्ती नाही. पालकांना दुसरे मत कुणाकडून घ्यावे हेही कळत नाही.

समुपदेशनातल्या चुका कागदावर दिसत नाहीत, पण त्या जिवावर बेततात. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या व्यक्तीला थेट विचारावे लागते: मनात काही बेत आहे का, साधन हाताशी आहे का, आधी प्रयत्न केला होता का, आज रात्री घरी सोबत कोण आहे. मग सुरक्षिततेचा आराखडा लिहून घ्यायचा, घरातले कीटकनाशक किंवा औषधांचा साठा हलवायला सांगायचे, आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचे. ज्याला हे शिकवलेलेच नाही, तो 'सकारात्मक विचार करा' म्हणून पुढच्या आठवड्याची वेळ देतो. थकवा, वाढते वजन, मंदावलेले बोलणे पाहून थायरॉइड तपासायला पाठवायचे असते. पहिल्यांदाच भास होऊ लागलेल्या विशीतल्या मुलाला थेरपीत महिनोन्महिने ठेवायचे नसते, कारण औषध जितके उशिरा सुरू होते तितके बरे होणे लांबते. मुलाने लैंगिक अत्याचार सांगितला तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणाऱ्याला कलम २१ खाली शिक्षा आहे. 'गोपनीयता' या एकाच शब्दावर थांबलेल्या समुपदेशकांना हे ठाऊक नसते. दुसऱ्या टोकाला, रुग्णाची हकिकत नाव बदलून समाजमाध्यमांवर टाकणारे आहेत, पत्नीने सांगितलेले पतीला कळवणारे आहेत, आणि रुग्णाशी वैयक्तिक संबंध जोडणारेही आहेत. डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जाता येते. नोंदणी नसलेल्या समुपदेशकाविरुद्ध एखाद्या स्त्री रुग्णाने कुठे जावे? ग्राहक आयोग किंवा पोलीस. दोन्ही ठिकाणी तिला आपले सर्वांत खासगी दुःख अनोळखी लोकांपुढे उघडे करावे लागते. बहुतेक जणी गप्प राहतात.

शिक्षणाबाबत थोडक्यात. एम.फिल. क्लिनिकल सायकॉलॉजी हा दोन वर्षांचा पूर्णवेळ, देखरेखीखालचा अभ्यासक्रम आजवर या व्यवसायाचा कणा होता. एम.फिल. ही पदवीच बंद करण्याच्या निर्णयात तो सापडला. पुढे अनुदान आयोगाने २०२५-२६ च्या सत्रापर्यंत त्याला मुदतवाढ दिली. त्याच्या जागी पुनर्वास परिषदेने क्लिनिकल सायकॉलॉजीतील एम.ए. आणि साय.डी. (व्यावसायिक डॉक्टरेट) आणले आहेत. परंतु २०१७ च्या कायद्यातील व्याख्येच्या एका भागात एम.फिल.चे नाव घेऊन अट लिहिली आहे. नव्या पदवीधरांना दुसऱ्या भागातून, म्हणजे परिषदेने मान्यता दिलेली पात्रता म्हणून, राज्य प्राधिकरण नोंदवणार का? आज प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला हे लेखी कळायला हवे. इतर एम.ए. अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कामाचे प्रमाण विद्यापीठागणिक बदलते. कुठे रुग्णालयात खरे काम होते, कुठे पाच केस लिहून आणल्या की गुण मिळतात, मग त्या केस कुठूनही आलेल्या असोत.

आणि दूरस्थ पद्धतीने शिकलेले? त्यांत तालुक्याच्या गावी राहून, संसार आणि नोकरी सांभाळून एम.ए. केलेल्या पुष्कळ बायका आहेत. त्या काळात ती पदवी वैध होती, सरकारी विद्यापीठांनीच दिली होती. त्यांना एका फटक्यात अपात्र ठरवणे अन्याय आहे, आणि कसलीही तपासणी न करता सरसकट नोंदवणे हा रुग्णांवर अन्याय आहे. मधला रस्ता काढणे हे आपले काम आहे आणि तो काढता येतो.

आमच्या मागण्या अशा.

पुनर्वास परिषद आणि आयोग या दोघांनी मिळून, दोन्ही मंत्रालयांच्या सहीने, अनुसूचीतल्या त्या अपवादाचा अर्थ स्पष्ट करणारे परिपत्रक ९० दिवसांत काढावे. कोणते काम कुणाच्या कक्षेत हे त्यात उदाहरणांसह असावे. एका व्यक्तीला दोन ठिकाणी नोंदणी करावी लागू नये. नोंद एकदा, क्रमांक एक, आणि दोन्ही कायद्यांखाली तोच ग्राह्य. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची यादीही त्याच क्रमांकाशी जोडावी.

राज्य परिषदेची यादी मराठीत, जिल्ह्यानुसार, नावाने आणि क्रमांकाने शोधता येईल अशी हवी. तिच्यात व्यक्तीची पात्रता, कामाचे क्षेत्र आणि तिच्यावर झालेली शिस्तभंगाची कारवाई दिसावी. घरचा पत्ता आणि खासगी फोन नको. यातल्या अनेकजणी घरूनच काम करतात. नोंदणीचे शुल्क नवख्या समुपदेशकाच्या आवाक्यातले ठेवावे.

मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक ही मूळ पदनामेच संरक्षित करावीत. ब्रिटनमध्ये २००९ पासून 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' यासारखी विशेषणे लावलेली पदनामे संरक्षित आहेत, पण नुसता 'सायकॉलॉजिस्ट' हा शब्द कुणीही वापरू शकतो, आणि लोकांचा गोंधळ तिथेही मिटलेला नाही. ऑस्ट्रेलियाने मूळ शब्दच संरक्षित केला. आपण तो मार्ग घ्यावा. प्राध्यापक आणि संशोधक रुग्णसेवा करत नसतील तर त्यांना 'मानसशास्त्राचे प्राध्यापक' म्हणवून घेण्याची मोकळीक असावी.

स्वतंत्रपणे काम करण्यापूर्वी एम.ए.नंतर किमान एक वर्ष देखरेखीखालचे काम सक्तीचे करावे. आमचा प्रस्ताव ५०० तास प्रत्यक्ष रुग्णसंपर्काचा आहे, आणि दर दहा तासांमागे एक तास सुपरव्हिजनचा. तासांची वही सुपरव्हायजरच्या नोंदणी क्रमांकासह असावी, नाहीतर तीही विकत मिळू लागेल. एका सुपरव्हायजरकडे एका वेळी सहापेक्षा जास्त उमेदवार नसावेत. त्यासाठी जागा लागतील: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालये, वैद्यकीय महाविद्यालये आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची केंद्रे यांत विद्यावेतनासह जागा निर्माण कराव्यात. विद्यावेतनाशिवाय हे वर्ष सक्तीचे केले तर व्यवसायात फक्त पैसेवाल्यांची मुले उरतील.

आज काम करत असलेल्यांसाठी, दूरस्थ पदवीधरांसह, तीन वर्षांची संक्रमण खिडकी ठेवावी. पदवीची पडताळणी, दोन प्रत्यक्ष केसवर तोंडी परीक्षा, आत्महत्येच्या धोक्याचे मूल्यांकन, पॉक्सो आणि गोपनीयता यांवर लेखी परीक्षा मराठीत देण्याची सोय, आणि कमी पडेल तिथे जोडअभ्यासक्रम. तोवर अशा व्यक्तींना 'तात्पुरती नोंदणी' द्यावी आणि यादीत ती तशीच दिसावी.

मानसशास्त्रीय चाचण्या कोण घेऊ शकतो, याचे स्तर ठरवावेत. प्रमाणपत्रासाठीच्या प्रत्येक अहवालावर परीक्षकाचा नोंदणी क्रमांक, चाचणीचे नाव आणि आवृत्ती, वापरलेली भाषा, आणि सर्व उपघटकांचे गुण असलेच पाहिजेत. नुसता एकूण आकडा असलेला अहवाल परीक्षा मंडळाने आणि रुग्णालयाने परत पाठवावा. बोटांच्या ठशांच्या चाचण्या शाळांमधून बंद करण्याचा आदेश शालेय शिक्षण विभागाकडून जारी करवून घ्यावा.

तक्रार मराठीत, टपालाने किंवा ऑनलाइन देता यावी. सुनावणी बंद दाराआड व्हावी, तक्रारदाराचे नाव प्रसिद्ध होऊ नये, समितीत किमान एक रुग्ण-प्रतिनिधी आणि एक स्त्री असावी, आणि १२० दिवसांत निर्णय द्यावा. लैंगिक शोषणाच्या तक्रारीत प्राथमिक तथ्य आढळताच नोंदणी स्थगित करावी.

शैक्षणिक संस्थांसाठी 'पात्र समुपदेशक' कोण, याची एक पानाची व्याख्या येत्या शैक्षणिक वर्षाआधी जाहीर करावी. नेमणूक अकरा महिन्यांच्या कंत्राटावर नसावी. दर वर्षी बदलणाऱ्या माणसापुढे मूल मन उघडत नाही, हे कोणताही वर्गशिक्षक सांगेल. आणि समुपदेशकाला परीक्षेचे पर्यवेक्षण, बदली तास, प्रवेशाच्या जाहिराती या कामांना जुंपू नये.

यांपैकी बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही. नियम, परिपत्रके, मंडळातल्या नेमणुका आणि थोडी आर्थिक तरतूद लागते. मसुदे तयार करायला, परीक्षेच्या प्रश्नपेढीला, सुपरव्हायजरांच्या प्रशिक्षणाला आम्ही विनामानधन वेळ देऊ. प्रत्येक मागणीवर आपला होकार, नकार किंवा कालमर्यादा ६० दिवसांत लेखी कळवावी आणि ते उत्तर आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावे, ही विनंती.

आपले,
महाराष्ट्रातील मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक आणि मानसशास्त्राच्या प्राध्यापकांचा एक गट